पळसाचा रंग फोटोत पळसासारखा का येत नाही?

पळसफूल | ९ मार्च, रात्री ९.४०

मंडळी, एक अडचण घेऊन आलेय.

मागच्या रविवारी पहाटे उठून रामटेकला गेले होते. मनसरचं वळण घेतल्यावर आणि पुढे खिंडसी तलावाकडे जाताना सध्या पळस असा काही पेटलाय की गाडी सलग चालवणंच होत नाही, दर दोनशे मीटरवर थांबावंसं वाटतं. झाडाला पान एक नाही, नुसती फुलं. माझ्या बाबांचं बालपण त्याच भागातलं. आता वय ७६, गुडघ्यांमुळे दोन वर्षांत तिकडे फिरकता आलं नाही, म्हणून खास त्यांना दाखवायला दीडशेक फोटो काढून आणले. (निकॉनचा जुना डीएसएलआर, सोबत आलेलीच लेन्स.)

लॅपटॉपवर लावले, बाबांनी पाच-सहा पाहिले आणि म्हणाले, "बेटा, हे प्लास्टिकचं वाटतंय. पळस असा नसतो."

वाईट वाटलं, पण ते बरोबरच बोलले. फुलांचा नुसता एक भगवा डाग झालाय, पाकळी कुठे सुरू होते कुठे संपते कळत नाही. वाळलेलं गवत होतं ते पोपटी झाक मारतंय. आकाश निळंशार आलंय, त्या दिवशी तर चांगलं धुळकट पांढरं होतं. मग मी सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) कमी करून पाहिलं तर सगळंच मेलं, फुलं विटकरी आणि झाडाचं खोड राखेसारखं.

डोळ्यांना जे दिसलं ते फोटोत कसं आणायचं? नवीन कॅमेरा घ्या हे सोडून काहीही सांगा.


तर्रीपोहे | ९ मार्च, रात्री ९.५२

वाखु (वाचनखूण) साठवली. माझेही पळस असेच येतात, मला वाटायचं लेन्सच खराब आहे.


अंबाझरीकर | ९ मार्च, रात्री १०.१५

ताई, पहिला प्रश्न, कॅमेऱ्यात पिक्चर कंट्रोल (फोटोचे रंग कसे यावेत ते ठरवणारं सेटिंग) काय लावला होता? माझा अंदाज 'लँडस्केप'. नावावरून वाटतं की निसर्गाचे फोटो म्हणजे हाच लावायचा, आणि तिथेच घोळ होतो. तो मोड हिरवा आणि निळा मुद्दाम चढवतो, कॉन्ट्रास्टही वाढवतो. तुमचं पोपटी गवत आणि निळं आकाश तिथूनच आलं. 'न्यूट्रल' लावून बघा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मेलेला दिसेल, घाबरू नका. कॅनॉनवाल्यांसाठी 'फेथफुल' नावाचा आहे, तो ५२०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) उन्हात वस्तूचा जो रंग मोजला जाईल त्याच्याशी जुळवलेला असतो. ऊन नसेल तेव्हा अर्थातच तितका उपयोग नाही.

दुसरं म्हणजे व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेड कुठल्याही रंगाचा असला तरी पांढरं पांढरंच दिसावं यासाठीचं सेटिंग. ऑटोवर ठेवला असणार. चौकट भरून भगवी फुलं असली की ऑटोला वाटतं उजेडच भगवा आहे, आणि तो सगळं निळ्याकडे ओढतो. पुढच्या फोटोत आकाश जास्त आलं की परत उलटं. एकाच झाडाचे दहा फोटो दहा रंगांचे. सूर्याचं चिन्ह लावा आणि सकाळभर हात लावू नका. मग पहाटेचा उजेड पिवळसर असेल तर फोटोत तो पिवळसर येईल, आणि यायलाच हवा ना, म्हणून तर आपण पाचला उठतो!

आणि रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) काढता का जेपेगमध्ये (कॅमेऱ्याने तयार करून दिलेला फोटो)?


पळसफूल | ९ मार्च, रात्री १०.२१

हो, लँडस्केपच होता. व्हाइट बॅलन्स ऑटो. जेपेग. तिन्ही गुन्हे कबूल.


वऱ्हाडी_ठेचा | ९ मार्च, रात्री १०.४८

मी तं मोबाईलनंच काढतो बाप्पा. पण हेच होऊन राहिलं माझ्याकडंबी. मागच्या पावसाळ्यात बांधावर उभा राहून सोयाबीनचा फोटो काढला, मोबाईलनं खाली पानाचं चिन्ह दाखवलं आन् असा हिरवा केला का विचारू नका. मायच्यान सांगतो, युरियाच्या दोन गोण्या टाकूनबी माहं वावर इतकं हिरवं झालं नसतं. फोटो पाहून साडूचा फोन आला, "कोणतं बियाणं लावलं बे?"

थे पानाचं चिन्ह बंद केलं सेटिंगमध्ये जाऊन, तवापासून बरं आहे. काळी माती मात्र अजून काळी येत नाही. कधी निळी, कधी चाकलेटी.


सेन्सरवाला | ९ मार्च, रात्री ११.३०

अंबाझरीकरांनी गवत आणि आकाशाचं उत्तर दिलंय. फुलाचा 'डाग' का होतो ते वेगळं प्रकरण आहे, जरा सविस्तर लिहितो.

कॅमेऱ्याचा सेन्सर मुळात रंग ओळखत नाही, त्याला फक्त उजेड कमी-जास्त कळतो. म्हणून प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या नावाने ती रचना ओळखली जाते, पेटंट १९७६ चं. चार घरांत दोन हिरवी, एक लाल, एक निळं. आता पळसाचं फूल उन्हात घ्या. लाल भरपूर, हिरवा थोडा, निळा जवळपास नाहीच. कॅमेरा मोजमाप करतो एकूण उजेडाचं. तेवढ्यात त्याला वाटतं सगळं ठीक आहे, आणि इकडे लाल चॅनल काठोकाठ भरून सांडलेला असतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला ० ते २५५ इतक्याच पायऱ्या. पाकळीची उजेडातली बाजूही २५५, सावलीतली घडीही २५५, मग पाकळी दिसणार कशी? डागच होणार. आणि एकदा सांडलेलं पाणी पुन्हा गुंडात भरता येत नाही, म्हणून नंतर सॅच्युरेशन कमी केल्यावर विटकरी डाग मिळाला.

मागच्या पडद्यावरचा साधा पांढरा हिस्टोग्राम (डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड असा फोटोचा आलेख) हे लपवतो, कारण त्यात हिरव्याचं वजन सगळ्यात जास्त धरलेलं असतं. तीन रंगांचा वेगवेगळा दाखवणारा हिस्टोग्राम चालू करा. लाल उजव्या भिंतीला चिकटला की एक्स्पोजर (फोटोसाठी घेतला जाणारा उजेड) कमी करा, उन्हातल्या पळसाला उणे दोन-तृतीयांश ते उणे एक सहज लागतं. फोटो अंधारा वाटेल, वाटू द्या. रॉ असेल तर १४ बिटला १६,३८४ पायऱ्या मिळतात (१२ बिटला ४,०९६), सावल्या नंतर हळूच उचलता येतात.

अजून एक खोच. व्हाइट बॅलन्स 'सावली' वर ठेवला (निकॉनमध्ये ८००० केल्विन) तर कॅमेरा लाल अजून वाढवतो आणि जेपेगमध्ये लाल लवकर सांडतो. लोक 'ऊबदार' रंग यावा म्हणून तो लावतात आणि फुलं घालवून बसतात.


सावली | १० मार्च, सकाळी ७.०५

सेन्सरवाला, साष्टांग दंडवत. गेल्या पाच वर्षांत जास्वंद, गुलमोहर, पळस तिन्ही का बिघडतात ते आज कळलं.


धरमपेठी | १० मार्च, सकाळी ८.३०

मी थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

'जसं दिसलं तसं' म्हणजे नक्की काय? मी पेंचला सिल्लारी गेटजवळ काढलेले फोटो भरपूर रंग चढवून लावतो, ते लोकांच्या दिवाणखान्यात लागलेत, लोक समाधानाने बघतात. फोटो म्हणजे पंचनामा नव्हे. पळस बघून मला जे वाटलं ते दाखवायला रंग वाढवावाच लागतो, कारण कागदावर ऊन येत नाही, वारा येत नाही, मोहाचा वास येत नाही. ती कसर रंगाने भरून काढायची. फिल्मच्या काळातही हेच होतं, उगाच आज सगळे शुद्धतेचे पुजारी झालेत.


जुनी_रीळ | १० मार्च, सकाळी ९.१०

फिल्मचा विषय निघाला म्हणून लिहितो, मी त्या काळातला माणूस.

धरमपेठी म्हणतात त्यात अर्धं खरं आहे. १९९० मध्ये फुजीची वेल्विया आली, ५० आयएसओची स्लाइड फिल्म, आणि निसर्गाचे फोटो काढणारे सगळे तिच्यामागे लागले. हिरवा असा की डोळे निवावेत. मी तिच्यावर नवेगाव बांध काढलंय, नागझिरा काढलंय. पण आम्हाला माहीत असायचं की ही फिल्म रंग चढवते. माणसांचे चेहरे काढायचे तर ती कॅमेऱ्यात कोणी घालत नसे, गाल लालेलाल व्हायचे. ज्याला सौम्य रंग हवे तो प्रोविया वापरायचा. निवड आधी व्हायची, आणि ३६ फोटो तीच निवड निभवावी लागायची.

आता एका स्लायडरवर वेल्वियाच्या दुप्पट रंग चढतो आणि चढवणाऱ्याला पत्ता लागत नाही, कारण डोळा पाच मिनिटांत सरावतो. माझा एक नियम आहे, एडिट करून झालं की फोटो बंद करायचा, अंगणात जाऊन यायचं, एखादं खरं झाड बघायचं, मग पुन्हा उघडायचा. दहातल्या सात वेळा रंग खाली आणावा लागतो.


रंगारी | १० मार्च, दुपारी १.२०

मी फोटोग्राफर नाही, जलरंगात निसर्गचित्रं करतो, सेमिनरी हिल्सला आणि फुटाळ्यावर बसून. पण धागा वाचून राहवलं नाही.

पळसफूल ताई, तुमच्या बाबांचं वाक्य मला फार आवडलं. ज्याने लहानपणी ती फुलं ओंजळीत धरलीत तोच असं बोलू शकतो. पळसाचं फूल कधी जवळून बघितलंत का? पाकळीवर बारीक रेशमासारखी लव असते, त्यामुळे सकाळच्या तिरप्या उजेडात भगव्यावर एक चंदेरी झाक येते. देठाकडची टोपी जवळपास काळी, मखमली, जरा हिरवट. म्हणजे पळसाचा 'रंग' हा एक रंग नाहीच, भगवा, त्यावरची चंदेरी, आणि शेजारचा काळा. काळी टोपी गेली की भगवा पांगळा होतो. आम्ही चित्रात भगवा पेटवायला भगवा वाढवत नाही, शेजारचा करडा नीट लावतो. मागे राखाडी डोंगर, पुढे वाळकं गवत, मध्ये पळस. गवत पोपटी केलं, आकाश निळंशार केलं की पळसाला स्पर्धक उभे केलेत तुम्ही.

आणि ते धुळकट पांढरं आकाश! त्याची लाज का वाटावी? मार्चमधल्या विदर्भाचं आकाश तसंच असतं. सागाची पानं गळलेली, जंगल राखाडी-तपकिरी, दूरची टेकडी धुरकट निळी. हे आपले रंग आहेत. मला मनापासून वाईट वाटतं की आपल्याकडची मुलं उमरेडचं जंगल काढतात आणि त्याला काश्मीरचा हिरवा लावतात. आपला तपकिरी काही कमी प्रतीचा रंग नाही, त्यात चाळीस छटा आहेत.

लांबची टेकडी धुरकट दिसते ती तशीच राहू द्या, त्यानेच अंतर कळतं. तो धूर पुसायचं बटण असतं म्हणे तुमच्याकडे, ते शक्यतो दाबू नका.


अंबाझरीकर | १० मार्च, दुपारी २.०५

रंगारी +१०००. डीहेझ म्हणतात त्या बटणाला. त्याने धूर जातो, पण सोबत रंगही चढतात आणि आकाश काळवंडतं.


धरमपेठी | १० मार्च, दुपारी ३.४०

रंगारी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. शेजारच्या करड्याचा मुद्दा मान्य, एकदम मान्य, मी पुढच्या वेळी मागचं शांत ठेवून बघणार. पण मूळ मुद्दा सोडत नाही. चित्रकार रंग निवडतो तो अधिकार फोटोवाल्याला का नको?


रंगारी | १० मार्च, दुपारी ४.१५

अधिकार आहेच की. पण ताईंनी विचारलं काय? त्यांना बाबांना त्यांचा पळस दाखवायचाय, आपला नाही.


तर्रीपोहे | १० मार्च, दुपारी ४.२२

हा प्रतिसाद आवडला.

अवांतर: रामटेकला पहाटे जाणाऱ्यांनी नाश्ता कुठे केला तेही लिहावं, तर्रीचा रंग नैसर्गिक होता का तेही.


वऱ्हाडी_ठेचा | १० मार्च, संध्याकाळी ६.१०

तर्रीले सॅच्युरेशन जास्तच पाहिजे भाऊ, तिथं न्यूट्रल चालत नाही.


डोळस | १० मार्च, रात्री ८.५०

मला लाल-हिरव्या रंगांत फरक नीट कळत नाही, जन्मापासून. इथे पहिल्यांदाच लिहितोय. लहानपणी पेंचच्या रस्त्यावर सगळे ओरडायचे, "तो बघ पळस पेटलाय", आणि मी शोधत राहायचो. फुलं मला आकाराने दिसतात, आकाशाच्या पार्श्वभूमीवर असली की. हिरव्या झाडीत ती माझ्यासाठी हरवतात.

तरी मी वीस वर्षं निसर्गाचे फोटो काढतोय आणि रंग बरोबर असतात असं घरचे सांगतात, कारण मी डोळ्यावर विसंबतच नाही. मी आकडे बघतो. चौकटीत अशी एखादी गोष्ट ठेवायची जी रंगहीन आहे हे नक्की माहीत आहे, मग सॉफ्टवेअरमध्ये त्यावर बाण नेऊन लाल, हिरवा, निळा हे तीन आकडे वाचायचे. तिन्ही जवळपास सारखे आले की व्हाइट बॅलन्स जागेवर. १८ टक्क्यांचं करडं कार्ड मिळतं, स्वस्त असतं, पहिल्या फोटोत झाडाजवळ धरायचं आणि नंतर बाजूला करायचं. कार्ड विसरलो तर रस्त्याकडेच्या झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारलेले असतात ना, त्यातला चुन्याचा ताजा पट्टा. डांबरी रस्ताही चालतो, पण वाळलेला हवा, ओल्या रस्त्यात आकाशाचा निळा उतरतो.

एक काळजी घ्यायची. कार्डावर उजेड तोच हवा जो झाडावर आहे. तुम्ही सावलीत उभं राहून कार्ड धरलंत आणि झाड उन्हात असेल तर सगळं पिवळं होईल. सावलीत सूर्य नसतो, फक्त आकाशाचा उजेड असतो आणि तो निळा. ठेचाभाऊंची काळी माती निळी येते त्यामागे बहुतेक हेच असावं, ढेकळांच्या सावल्या.

आणि सूर्योदयाला हा उपाय वापरू नका. तिथे आकडे समान केलेत तर सूर्योदयच पुसला जाईल.


पळसफूल | १० मार्च, रात्री ९.१५

डोळस, तुमचा प्रतिसाद मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "त्यांना सांग, फूल हातात घेऊन बघा, ते हाताला कळतं." जसंच्या तसं पोहोचवतेय.


डोळस | १० मार्च, रात्री ९.३०

बाबांना नमस्कार सांगा. या रविवारी नक्की करतो.


सावली | ११ मार्च, सकाळी ६.५०

आज गोरेवाड्याच्या बाजूला फिरायला गेले होते. सूर्य वर यायच्या आधी पळस बघितला तर फुलं काळपट, विझलेली दिसत होती, आणि कडुनिंबाची पानं त्यामानाने उजळ. फोटोत मात्र फुलं चांगली लाल आली. म्हणजे इथे कॅमेरा खोटा की माझे डोळे?


सेन्सरवाला | ११ मार्च, सकाळी ८.४०

दोघंही खरे. याला नाव आहे, पुरकिन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं होतं हे. उजेड कमी झाला की डोळ्यातल्या दुसऱ्या पेशी कामाला लागतात, त्यांना लाल जवळपास दिसत नाही, निळा-हिरवा मात्र दिसतो. कॅमेऱ्याला असं काही होत नाही, अंधार असो उजेड असो, त्याचा लाल लालच. पहाटेचा फोटो डोळ्यांना दिसला तसा हवा असेल तर लाल उलट खाली आणावा लागेल. धरमपेठींच्या 'जसं दिसलं तसं म्हणजे काय' या प्रश्नात दम आहे तो इथे.


धरमपेठी | ११ मार्च, सकाळी ८.५५

लेखी नोंद झाली, आभारी आहे


अंबाझरीकर | ११ मार्च, सकाळी १०.३०

वेळेचं थोडं. सध्या नागपुरात सूर्य साडेसहाच्या आत उगवतो. सात ते आठ ही पळसाची वेळ. नऊनंतर ऊन कडक होतं, पाकळीची लव वगैरे सगळं जातं. एप्रिल-मेमध्ये तर अजून लवकर, आणि २६ मेच्या आसपास दुपारी सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो, खांबाची सावलीसुद्धा पडत नाही, त्या दिवसांत दुपारी रंगाची अपेक्षाच ठेवू नये. बहाव्याचा पिवळा एप्रिल-मेमध्येच फुलतो, त्यालाही हीच काळजी, फक्त तिथे लालसोबत हिरवा चॅनलही सांडतो.

पोलरायझर (लेन्सवर लावून फिरवायची गाळणी) असेल तर लावा, पण पूर्ण फिरवू नका. पानांवरची, पाण्यावरची चकाकी तो काढतो त्यामुळे खरा रंग दिसतो, पावसाळ्यात तर जादू. पण सूर्यापासून काटकोनात तो आकाश फार गडद करतो, आणि रुंद लेन्सवर आकाशाचा एकच कोपरा निळा-काळा पडतो. खिंडसीच्या पाण्यावर वापरून बघा, पळसावर जपून.


जुनी_रीळ | ११ मार्च, दुपारी १२.१५

आणि बाबांना दाखवणार कशावर? हे कोणीच विचारलं नाही. लॅपटॉपचा पडदा रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून पिवळा करून ठेवला असेल तर आत्तापर्यंतची सगळी मेहनत वाया. मोबाईलमध्ये पडद्याचा 'व्हिव्हिड' मोड असतो, कंपनीकडून बऱ्याचदा तोच चालू येतो, त्याला 'नॅचरल' करा. मी म्हणेन प्रिंट काढा. ७६ वर्षांच्या माणसाला फोटो हातात धरायला आवडतो.

प्रिंटचा माझा अनुभव सांगतो. एका लॅबमध्ये दिलेले बारा फोटो सगळे मळकट आले, लाल तर पार उतरलेला. लॅबवाल्याशी भांडण होणार होतं, मग कळलं की माझ्या फाइल अ‍ॅडोबी आरजीबीमध्ये होत्या आणि तिथलं मशीन सगळं एसआरजीबी (रंग नोंदवायची वेगळी पद्धत) समजून छापत होतं. तेव्हापासून देताना एसआरजीबीच देतो, त्यांना रंग आपोआप सुधारायचं बंद करायला सांगतो आणि आधी एक छोटी प्रिंट काढून दिवसाउजेडी खिडकीपाशी बघतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली बघून हो म्हणू नका. शिवाय घरी पडद्याचा उजेड फार वाढवलेला असेल तर प्रिंट काळी येणारच, आधी तो कमी करून एडिट करा.


पळसफूल | ११ मार्च, दुपारी १२.४०

काका, रात्रीचा पिवळा पडदा चालू आहे. गेल्या वर्षभरापासून. आत्ता बंद केला, लॅपटॉप निळा वाटतोय.


सेन्सरवाला | ११ मार्च, दुपारी १.००

तासाभरात पांढरा वाटायला लागेल.


चिमणचारा | १२ मार्च, सकाळी ११.२०

थोडं विषयांतर. पळसाच्या फुलांचा होळीचा रंग कोणी घरी केलाय का? आजी करायची, मुलींना दाखवायचंय.


वऱ्हाडी_ठेचा | १२ मार्च, सकाळी ११.५५

सोपं आहे. खाली पडलेली फुलं वेचा, झाडाची तोडू नका, पाखरं येते रस प्याले. पाण्यात उकळा नाही तं रातभर भिजू द्या, सकाळी गाळून घ्या. पिवळा-केशरी रंग उतरते. फुल लाल आन् पाणी पिवळं, लेकरायले लय मजा वाटते.


रंगारी | १२ मार्च, दुपारी १२.३०

ते पिवळं पाणी कागदावर लावून ठेवा, पळसाच्या भगव्यात पिवळा किती दडलाय ते कळतं. स्लायडर हलवताना उपयोगी पडेल.


सेन्सरवाला | १२ मार्च, दुपारी १.१०

खरंच पडेल. गवताचंही तसंच आहे. गवत पोपटी झालं की लोक हिरवा स्लायडर ओढतात आणि काही हलत नाही, कारण गवताचा बराचसा रंग सॉफ्टवेअरच्या हिशेबात पिवळ्यात मोडतो. पिवळ्याची छटा जराशी केशरीकडे सरकवा, गवत वाळतं. फुलांसाठी केशरी आणि लालचा उजेड थोडा खाली, सॅच्युरेशनला शक्यतो हातच नको. अगदीच वाढवायचं असेल तर व्हायब्रन्स, तो आधीच गडद असलेल्या रंगांना कमी छेडतो.


पळसफूल | १६ मार्च, रात्री ८.३०

मंडळी, काल परत जाऊन आले. सगळं लिहिते.

पावणेसातला खिंडसीच्या अलीकडे पोहोचले. रॉ, न्यूट्रल, सूर्याचं चिन्ह, तीन रंगांचा हिस्टोग्राम. उणे दोन-तृतीयांशवरही लाल भिंतीला टेकत होता, शेवटी उणे एक केलं तेव्हा आत आला. करडं कार्ड नव्हतं, चुन्याचा पट्टा सापडला (डोळस, आभार!). पट्ट्यावर सॉफ्टवेअरमधले आकडे बघितले तर लाल जास्त, निळा कमी. सगळे समान केले तर सकाळच गेली, म्हणून अर्ध्यावरच ठेवलं. पोलरायझर धाकट्या भावाचा नेला होता, पाण्यावर फिरवला, पळसावर काढून टाकला. आकाश पांढरंच होतं, पांढरंच ठेवलं.

रंगारी, मी फूल हातात घेऊन बघितलं. लव आहे. ३८ वर्षं विदर्भात राहून मी ती कधी पाहिली नव्हती. मग जमिनीवर बसून एकच फांदी खालून, उजेड बाजूने घेऊन काढली, काळ्या टोप्या सगळ्या दिसतील अशी. मागे टेकडी धुरकट. एडिटिंगला पहिल्यांदा दोन तास लावले, नंतर रीळकाकांच्या सांगण्यावरून अंगणात गेले, परत येऊन निम्मं काढून टाकलं.

आज आठ बाय बाराच्या तीन प्रिंट आणल्या. बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, तिथेच दिल्या. चष्मा पुसला, पहिली प्रिंट जवळ धरली, लांब धरली. मी काही बोलले नाही. मग विचारलं, "आठच्या आधीचा आहे ना?" मी हो म्हटलं. म्हणाले, "ऊन खालून येतंय. आणि हे पाणी खिंडसीचं, त्या अंगाला आमची म्हैस बसायची." दुसरी प्रिंट बघून म्हणाले ही जरा लालच झालीय. ती खरंच जरा लाल झालीय, मी त्यात उणे दोन-तृतीयांशचाच फोटो वापरला होता!


सावली | १६ मार्च, रात्री ८.४१

मस्त झालं. डोळ्यात पाणी आलं वाचताना.


सेन्सरवाला | १६ मार्च, रात्री ८.५०

बाबांचा डोळा म्हणजे हिस्टोग्राम आहे.


धरमपेठी | १६ मार्च, रात्री ९.२०

ताई, अभिनंदन. मी पण रविवारी चोरबाहुलीकडे जाऊन मागचं शांत ठेवून, लाल सांभाळून काढले. रंग तरी थोडा चढवलाच आहे, पण पूर्वीपेक्षा निम्मा, आणि पाकळ्या पहिल्यांदाच दिसतायत. मला माझाच जुना फोटो आता भडक वाटतोय.


डोळस | १६ मार्च, रात्री ९.४५

मीही रविवारी फूल हातात घेतलं. बाबांना सांगा, कळलं.


अंबाझरीकर | १६ मार्च, रात्री १०.०२

पळस अजून आठ-दहा दिवस आहे. येत्या रविवारी सहाला निघूया का, मनसरच्या वळणावर भेटू. करडं कार्ड मी आणतो.


वऱ्हाडी_ठेचा | १६ मार्च, रात्री १०.०७

मी येतो. ताई, तुमच्या बाबायले गाडीत बसवून आणता येते का पाहा, माह्या गाडीत मागची सीट पूर्ण मोकळी करतो, पाय लांब करून बसतीन.


पळसफूल | १६ मार्च, रात्री १०.३०

विचारलं. पहाटे पाचलाच तयार राहतो म्हणाले.